पांढरी खूण

९ नोव्हेंबर १९६८, शनि. भाईंदर बंदर.

मचव्यावर आज आठवा दिवस. पाय अजून फळ्यांवर नीट पडत नाहीत, आणि जमिनीवर उतरले की तिथंही पडत नाहीत. पाणी भरायला धक्क्यावर गेले तर हिरूबाय हसायला लागली. ही राई गावची, मिठागरातली. दिवसभर डोकीवर मिठाची टोपली घेऊन आमच्या फळीवरून चढते नि उतरते. म्हणाली, "अगो, तू त पिलेली दिसतंस."

सुलूच्या कमरेला दोर, दुसरं टोक डोलकाठीला. नऊ वर्षांच्या मुलीला शेळीसारखं बांधलं म्हणून ती रुसलीय. रुसू दे. चौथीची पुस्तकं आणलीत, गणितं तिथंच बसून करायची.

एक गोष्ट लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला मचव्याच्या फळीला पाय लावू दिला नाही. मालाच्या मचव्यावर बाईमाणूस नको, हे ह्यांच्या वडिलांपासूनचं. आणि यंदा फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत म्हणतात, "सुलूला घे, तूपण चल. एक मोसम." का, तर तुझ्या हातचं जेवायचंय. चौदा वर्षं खलाशी गंगारामच्या हातचा करपलेला भात गिळला, कधी तोंड वाकडं केलं नाही. माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात. असेल. पण नवरा आपण होऊन गोड बोलायला लागला तर कुठल्या बाईला संशय येणार नाही?

१२ नोव्हें., मंगळ.

मचव्याच्या पोटातला खण मिठाने भरला. उद्या भरतीला सुटायचं. हर्णैला मीठ उतरवायचं, येताना जळाऊ लाकूड.

गंगारामने मला मचव्याचे नियम शिकवले. हा ह्यांचा मावसभाऊ, खलाश्यांत मोठा. बाकी दोघे त्याच्या हाताखाली. (यापुढे त्याला नुसतं गं. आणि सुलूला सु. लिहीन, कागद वाचेल.) नाळेकडे, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाला, बाईने जायचं नाही, तिथं नारळ फुटतो. निघताना 'कुठं' विचारायचं नाही. आणि तांडेल, म्हणजे हे, सुकाणूवर असताना कुठल्या खुणा धरून चालला आहे ते त्याला विचारायचं नाही. खुणा बापाकडून मुलाकडे जातात, खलाश्याकडे नाही. आम्हाला मुलगा नाही. त्यावर सासूबाई पुष्कळ बोलून झाल्यात.

एकच खूण सगळ्यांना ठाऊक, खाडीच्या वळणावरचा खुंट. पुरुषभर उंच, चुन्याने पांढराफेक. आत येताना नाळ त्यावर धरायची, जवळ आला की वळायचं. दोन्ही बाजूंना चिखल.

माझी जागा मागे, सुकाणूजवळ. ह्यांनीच नेमून दिली. "इथंच बस, माझ्या हाताशी." वर ताडपत्रीचं छप्पर, पुढ्यात वाळूच्या खोक्यात चूल.

१५ नोव्हें., शुक्र. समुद्रात.

वारं चांगलं. भाकऱ्या थापताना पीठ उडून गं.च्या मिशांत गेलं. सु. पोट धरून हसली, मीही.

बापलेकीचा एक खेळ चाललाय. हे सुकाणूवर, सु. शेजारी. "ती होडी बघ. सांग कशी आहे." सु. सांगते, शीड तांबूस, खाली ठिगळ, तीन माणसं, एक विडी ओढतोय. "हुशार. आणि लाँच दिसली तर पहिल्यांदा मला सांगायचं. राखाडी असते."

राखाडी लाँच कस्टमची. ती आधी कशाला कळायला हवी? आमच्या खणात मीठ. मिठाला कोण अडवतं?

वाडीतला एक तांडेल गेल्या पावसाच्या तोंडावर आत गेला. लाकडांखाली घड्याळं सापडली, आणि म्हणे सोन्याच्या विटा पण. त्याची बायको आता दुसऱ्यांची भांडी घासते. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हल्ली बघतच नाहीत.

२६ नोव्हें., मंगळ. उत्तनच्या बाहेर.

सकाळी सातला उत्तनसमोर आलो. वारं मागून, पाणी चढतं. सरळ आत शिरायचं तर ह्यांनी नांगर टाकायला लावला. "ऊन वर येऊ दे." गं. माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "वहिनी, दादा कोणाची वाट बघतोय? असा वारा सोडून बसणारा माणूस नव्हता तो."

मला काय ठाऊक. मला तरी कुठे कोण काही सांगतं.

नऊच्या सुमाराला लाँच आली. सु.ने आधी ओरडून सांगितलं. लाँचवरच्या साहेबाने आमच्याकडे बघितलं. मी चुलीपाशी, सु. दोराला, वर वाळत घातलेली माझी दोन लुगडी. तो मागच्याला म्हणाला, "फॅमिली है, जाने दो." आणि गेले.

हे हसले. सुटल्यासारखे हसले. त्या क्षणी मला कळलं आम्हाला कशाला आणलंय. माझ्या हातचं जेवायला नाही. माझी लुगडी दोरीवर दिसावीत म्हणून.

 कालवणात मीठ जास्त पडलं, तेही ह्यांनी निमूट खाल्लं. हे तर आणखीच वाईट लक्षण.

४ डिसें., बुध. भाईंदर.

लाकूड उतरतंय. हे सु.ला घेऊन स्टेशनाच्या बाजूला गेले. मला म्हणाले, "तू राहा, मचव्यावर कोणीतरी हवं." मचव्यावर तीन खलाशी होते.

तिचं बोट धरून गेले, बोट धरूनच आले. दोन तास. येताना कागदात गुंडाळलेली लहानशी पुडी. सुकाणूखालच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला.

सु.ला विचारलं, कुठे गेला होतात?

"बाबांनी शपथ घातलीय."

कोणाची?

"तुझी."

नऊ वर्षांच्या पोरीला आईची शपथ आईविरुद्ध घालतो हा माणूस. माझं डोकं फिरलं. तरी पोरीला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

६ डिसें., शुक्र.

पालीचा अंतोन धक्क्यावर भेटला. गेल्या वर्षी ह्याने घरी सुक्या बोंबिलांची पाटी पाठवली होती. हे त्याच्या अंगावरून गेले, ओळख दाखवली नाही. त्याने हाक मारली, "काय तांडेल, वलख सोरली?" तेव्हा दचकून मागे फिरले, खांद्यावर हात, हसणं, सगळं. मी लांबून बघत होते. ओळखीचा माणूस न ओळखण्याचं कारण काय? चारचौघांत ओळख दिसायला नको, म्हणूनच ना?

हिरूबाय पण म्हणाली, "तुजा घरवाला त्वांड बगून वलकत न्हाय, आवाज आयकून वलकतं. कसला मानूस हाय?"

मी म्हटलं, मानी आहे. घरच्या गोष्टी बाहेर कशाला.

१९ डिसें., गुरु. हर्णै.

आज हे आंघोळीला उतरले तेव्हा पेटी हलवून बघितली. आत काचेसारखं वाजलं. काहीतरी जडही आहे. कुलूप मजबूत.

सोनं काचेसारखं वाजतं का, मला माहीत नाही. माझ्या अंगावर चार मणी आहेत, ते वाजत नाहीत.

माझी भीती साधी आहे. हे धरले गेले तर आम्हीही मचव्यावर असणार. सु.ला पोलीस विचारणार, लाँच दिसली की कोण सांगायचं? आणि ती खरं सांगणार. आपल्या बापाला आपण धरून दिलं हे ती जन्मभर उराशी घेऊन बसेल. बाकी काय व्हायचं ते होवो. पण हे होऊ द्यायचं नाही. पुढच्या खेपेला उतरून घरी जायचं असं मनात धरलंय.

२ जानेवारी १९६९, गुरु.

घरी गेले नाही. का, ते लिहायला लाज वाटते.

परवा हे म्हणाले, "नखं कापून देतेस?" असं कधी म्हणाले नव्हते. हात पुढे करून बसले, मुलासारखे. बोटांना दोराचे घट्टे, एक नख मुळापासून ठेचलेलं. मी विचारलं, हे कधी झालं? "लागलं कुठंतरी." कपाळालाही टेंगूळ होतं, शिडाच्या आडव्या काठीला, परबाणाला, आपटले म्हणे. ज्या मचव्यावर वीस वर्षं काढली त्यावर हा माणूस आता रोज काहीतरी आपटून घेतो. मला वाटलं जिवाला घोर लागलाय, म्हणून. त्या धंद्यात पडलेल्या माणसाला झोप कुठली येणार. राग होताच, पण नखं कापताना दयाही आली. चोराची का होईना, बोटं माझ्याच नवऱ्याची.

१४ जाने., मंगळ. संक्रांत. समुद्रात.

तीळ घरून आणले होते. गूळ हर्णैचा. वड्या फसल्या, चमच्याने खाल्ल्या. गं.ला तिळगूळ दिला. "गोड बोला, वहिनी." त्याच्याशी बोलते गोड. ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्याशी जमत नाही.

१७ जाने., शुक्र. भाईंदर.

काल मचवा चिखलात बसला. चूक माझी. इथे तरी खरं लिहिते.

दहा वाजता खाडीत शिरलो. ऊन कडक. गेल्या खेपेपर्यंत मिठागरं रिकामी होती, जुन्या राशी गवताने शाकारलेल्या, मातकट. आता नव्या मिठाचं काम सुरू झालंय आणि वळणापाशी बांधावर पहिली रास घातलीय. पांढरीशुभ्र. बघितली तर डोळे दिपतात. खुंट तिच्या डावीकडे, चांगला शंभर हात.

हे म्हणाले, "खुंट सरळ नाळेवर आहे." आपल्याशीच म्हणाले. मी बघितलं तर नाळेवर खुंट नव्हता, रास होती. खुंट डावीकडे सरकत चालला होता.

मी बोलले नाही.

मला वाटलं, आता उतरवणार. राशीमागे कोणीतरी थांबलेलं असणार, पेटीतलं तिथे जाणार. म्हणून मुद्दाम खुंट सोडलाय आणि आम्हाला ऐकवण्यासाठी तोंडाने सरळ म्हणतायत. मी मनात म्हटलं, बघू तरी कोण येतंय. सु.ला जवळ ओढलं आणि बघत राहिले. नाळेवरून गं. ओरडला, "दादा, रास आहे ती, रास." तोवर उशीर झाला होता. खालून फसकन आवाज आला आणि सगळं एका अंगावर गेलं. चुलीवरचं पातेलं सु.च्या पायाशी येऊन पडलं. चार बोटं इकडे पडलं असतं तर पाय भाजला असता.

राशीमागे कोणी नव्हतं. दोन आगरी बाया फळीने मीठ ओढत होत्या, त्या आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या भरतीला सुटलो. एकही फळी निघाली नाही, चिखल मऊ. गं. ह्यांच्याशी बोलत नाही. आणि हे? सुकाणू धरून तसेच बसून होते, तोंड राशीकडे. मचवा कलंडला तरी हात सोडला नव्हता.

१८ जाने., शनि.

हे आंघोळीला बसले, करगोटा काढून खुंटीला लावला. किल्ली घेतली.

पेटीत: थेंब टाकायच्या दोन बाटल्या, एक रिकामी. जाड भिंगाचा चष्मा, एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेली. भिंगं जड आहेत. इंग्रजीत लिहिलेला घडीचा कागद. बाकी काही नाही. तळापर्यंत हात घालून बघितलं.

कागद घेतला, बाकी जागच्या जागी ठेवलं.

२० जाने., सोम.

स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरांना कागद दाखवला. वाचून म्हणाले, "ये किसका है, बाई?" म्हटलं, माझ्या मालकांचा. "काचबिंदू आहे. एक आँख तो गेलीच समझो. दुसरीचं थोडं राहिलंय, धुरकट. औषध टाकत राहिले तर काही महिने टिकेल, गेलेलं परत येणार नाही." मग विचारलं, "काम काय करतात?"

तोंडातून निघून गेलं, "किराण्याचं दुकान आहे."

"फिर ठीक है. बैठे काम."

बंदरापर्यंत चालत आले ते कसं आले आठवत नाही. रास, नखं, अंतोन, टेंगूळ, उन्हाची वाट बघणं, सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. ती लाँच अंगावर आली असती तर ह्यांना शेवटपर्यंत दिसली नसती, म्हणून आधी सांगायला हवी होती. तीन महिने मी चोर शोधत होते. आंधळा होत चाललेला माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, आणि मी त्याच्या ताटात मीठ जास्त टाकत होते.

२१ जाने., मंगळ.

बोलले. खलाशी लाकूड उतरवायला गेले होते, सु. हिरूबायबरोबर. कागद हातात दिला. ह्यांनी बोटांनी चाचपला, ओळखला.

"कळलं तर."

कधीपासून?

"गेल्या गौरी-गणपतीपासून. आधी कडेकडेचं गेलं."

म्हणजे डोळे म्हणून आणलंत आम्हाला.

"गं.ला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शेठला कळलं असतं. मचवा शेठचा आहे गो. मी मचव्यावरून उतरलो की कोण मी? धक्क्यावर बसलेला एक माणूस."

मला सांगायचं होतंत.

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

आले असते.

"सुलूला घेऊन?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. 

मी रडले. ते रडले नाहीत, त्यांनी फक्त माझा हात शोधला. तो शोधावा लागला हे मी पहिल्यांदा बघितलं. शेवटी एवढंच म्हणाले, "हा मोसम. पावसाच्या आधी मी स्वतः शेठला सांगेन. तोवर तुझ्या तोंडून नको."

होय म्हटलं. रागाच्या भरात नाही म्हणायला हवं होतं.

२८ जाने., मंगळ.

खुणा शिकतेय. खाडीच्या तोंडाशी टेकडीवरचा पांढरा क्रूस आणि त्यामागचा एकटा ताड, दोन्ही एका रेषेत आले की आत. मग डावीकडे वसईच्या किल्ल्याची भिंत... नको, इथे सगळं लिहायचं नाही. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. बाईला खूण दिलेली आजवर ऐकलेली नाही.

चौदा वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं बोलला नसेल. समोर बघून मी सांगते, ते मान हलवतात, सुकाणू फिरतं. माझ्या शब्दाने एवढा मोठा मचवा वळतो. आनंद होतो, हे कबूल करते, आणि झाला म्हणून स्वतःचा संतापही येतो.

आता इशारे ठरलेत. खुंट समोर आला की मी म्हणायचं, "भात झाला." डावीकडे वळवायचं तर, "मीठ दे." उजवीकडे, "पाणी दे." जाताना वळणावर खुंट बरोबर आडवा, आपल्या बाजूला आला की, "आला", म्हणजे हे तिथंच वळवतात. खलाश्यांना वाटतं आमचं जेवणाचं चाललंय. गं. काल म्हणाला, "वहिनी, भात किती वेळा होतो तुमचा?"

६ फेब्रु., गुरु. समुद्रात.

आज मेलो होतो.

मी दोन मिनिटं उठले. फक्त दोन मिनिटं, डाळ उतू चालली होती. सु.चा दोर सुटलेला, ती खेळत नाळेपर्यंत गेली होती, जिथं जायचं नाही तिथं. ती किंचाळली. समोर मासेमारीची होडी, त्यातली माणसं उभी राहून हात हलवत होती. ह्यांचं तोंड सरळ त्यांच्याकडे, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी ओरडले, "पाणी दे." सुकाणू फिरलं. होडी वावभर अंतरावरून गेली. त्यांच्यातला एकजण शिव्या देत होता, सगळ्या ऐकून घेतल्या.

हे म्हणाले, "किती लांब होती?"

लांब होती, म्हटलं.

खोटं बोलायला मी फार लवकर शिकले. 

११ फेब्रु., मंगळ. भाईंदर.

गं. सरळच बोलला. हे धक्क्यावर होते.

"वहिनी, मी काही खुळा नाही. तुमचं दोघांचं काहीतरी चाललंय. दादा तुमच्या तोंडाकडे कान लावून असतो. उन्हात येतो, उन्हात जातो, राशीकडे मचवा नेतो. पेटीला कुलूप. आमचीपण आठवण ठेवा म्हणजे झालं."

मला आधी कळेना. मग कळलं आणि हसूच आलं. त्याला वाटतंय आम्ही सोनं आणतोय, मला वाटत होतं तेच. मी म्हटलं, गंगाराम भावोजी, तसलं काही नाही. सु.ची शपथ.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग काय आहे?"

ह्याला सांगावं असं फार वाटलं. घरचाच माणूस. पदरात दोन मुलं असलेली बायको गावी आहे. त्या होडीवर आपटलो असतो तर तोही नाळेवरच होता. ज्या गोष्टीवर त्याचा जीव टांगलाय ती त्याला ठाऊक नाही, मला आहे, आणि मी त्याला भात वाढतेय.

"काही नाही," म्हटलं. "ह्यांची तब्येत बरी नसते."

त्याचा विश्वास बसला नाही. बसू नये असंच वाटलं.

१३ फेब्रु., गुरु.

शेठचा निरोप. यावेळी हर्णै नाही, थेट रत्नागिरीच्या खाली. आठ-दहा दिवस लागतील. ह्यांना सांगितलं, एवढं लांब नको. आता तरी सांगून टाका. ह्यांचं उत्तर, "तू आहेस ना." मी म्हटलं, तिकडच्या खुणा मला ठाऊक नाहीत. "मी सांगतो, तू बघ." मी म्हटलं, धुकं पडलं तर? वारं फिरलं तर? सुलूला हिरूबायकडे ठेवू या. त्यावर म्हणाले, "पोर नाळेवर होती म्हणून वाचलो त्या दिवशी."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं, होडी किती जवळ होती. आणि तरी पोरीला न्यायचंय.

असा राग मला आयुष्यात आला नाही. ह्या माणसाची दया करून करून मी विसरले होते की तो आपलंच बघतोय. मी गं.ला हाक मारायला तोंड उघडलं. ह्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाट बघत बसले. मला हाक मारता आली नाही.

१५ फेब्रु., शनि. भाईंदर.

खण काठोकाठ भरला. उद्या अमावास्येची भरती, दुपारी सुटायचं.

सकाळी हिरूबायला सहज विचारलं, वळणाअलीकडचा चिखल कसा आहे? म्हणाली, "लोन्यावानी. भरलेला मचवा त्येच्यात बसला त पुढल्या उधानापत्तर उठत न्हाय." जीव जातो का? "जीव कसा जाईल गो, गुडघाभर पानी. मीठ जाईल."

तेव्हापासून एकच विचार. 'आला' म्हणायचं मी आधी म्हटलं, खुंट आडवा यायच्या थोडं आधी, तर मचवा अलगद चिखलात जाईल. पंधरा दिवस हलणार नाही. शेठ येईल, विचारपूस होईल, सगळं बाहेर येईल. मी कोणाला एक शब्द सांगितलेला नसेल. सु. जमिनीवर, गं. जमिनीवर, हेही. मीठ विरघळेल, विरघळू दे.

पण हे म्हणतील, चूक माझी. शेठपुढे, गं.पुढे, साऱ्या बंदरापुढे म्हणतील. माझं नाव घेणार नाहीत. वीस वर्षं मचव्यावर काढलेला तांडेल स्वतःच्या ओळखीच्या खाडीत दोनदा रुतला, एवढंच लोक मागे बोलतील. आणि ह्यांना कळेल का? मला वाटतं कळेल. पाण्याच्या आवाजावरून कळेल की वळण अजून आलं नव्हतं.

नाहीतर वेळेवर म्हणायचं, आणि आठ-दहा दिवस सु.ला घेऊन समुद्रात.

जेवणं झाली. सु. भागाकार करतेय. मघाशी ह्यांनी विचारलं, "उद्या शेजारी आहेस ना?"

आहे, म्हटलं.

"मग झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले. लगेच घोरायला लागले. ह्यांचा कुठलाही शब्द मी आजवर दोनदा विचारल्याशिवाय खरा मानला नाही. माझ्या बाबतीत ह्यांनी एकदाही विचारलं नाही, खरंच आला का खुंट.

उद्या मी म्हणेन तेव्हा सुकाणू फिरेल. कधी म्हणायचं ते अजून ठरत नाहीये.